कळतं पण वळत नाही: पोप ज्यांना आपले ‘पिता’ मानतात ते संत ऑगस्टीन कोण?

८ मे २०२५ च्या संध्याकाळी व्हॅटिकनच्या बाल्कनीत आलेले नवे पोप लिओ चौदावे लोकांना म्हणाले, ‘मी संत ऑगस्टीनचा पुत्र, ऑगस्टिनियन आहे.’ त्याच्या तीनेक महिने आधी अमेरिकेचे उपाध्यक्ष जे. डी. व्हान्स यांनी स्थलांतरितांना विरोध करताना ‘ऑर्दो आमोरिस’ (प्रेमाचा क्रम) अशी एक लॅटिन संकल्पना पुढे केली होती. तीही ऑगस्टीन यांच्याच लेखनातून आलेली. सोळाशे वर्षांपूर्वी वारलेल्या आफ्रिकेतल्या एका बिशपाचं नाव पोपही घेतात आणि राजकारणीही. त्यामुळे हे गृहस्थ कोण आणि त्यांचं म्हणणं काय, असा प्रश्न पडणं साहजिक आहे.

ऑगस्टीन यांनी अफाट लिहिलं. त्यातल्या बहुतेक लेखनाच्या मुळाशी एकच कोडं आहे आणि ते मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही: कळतं पण वळत का नाही?

कोण, कुठले, कधी

जन्म १३ नोव्हेंबर ३५४, थागास्ते या गावी. आज ते अल्जीरियातलं सूक अहरास. तेव्हा हा प्रांत रोमन साम्राज्यात होता. वडील पॅट्रिशियस हे लहानसे जमीनदार. ते ख्रिस्ती झाले आयुष्याच्या अखेरीस. आई मोनिका मात्र कट्टर श्रद्धाळू. मुलगा हुशार म्हणून कर्जबाजारी होण्याची वेळ आली तरी त्याला मदौरा आणि कार्थेज इथे शिकवलं. शिक्षणाचा विषय वक्तृत्व. त्या काळी सरकारी नोकरी आणि प्रतिष्ठा यांचा रस्ता तोच होता.

विशीत ते मानीपंथात शिरले. जग म्हणजे प्रकाश आणि अंधार या दोन शक्तींचं युद्ध, असं हा पंथ मानायचा. तिथे ते सुमारे नऊ वर्षं राहिले. ३८३ मध्ये रोम, ३८४ मध्ये मिलान, तिथे वक्तृत्वाच्या सरकारी अध्यापकाचं पद. मिलानचे बिशप अँब्रोज यांची प्रवचनं ते आधी नुसती शैलीसाठी ऐकायला जात. ३८६ मध्ये नोकरी सोडायचं ठरलं आणि ३८७ च्या ईस्टरच्या रात्री अँब्रोज यांच्याच हातून स्नानसंस्कार (बाप्तिस्मा) झाला. त्याच वर्षी आई वारली. पुढच्या वर्षी ते आफ्रिकेत परतले आणि नंतर कधीच समुद्र ओलांडला नाही.

आफ्रिकन म्हणजे कृष्णवर्णीय का, असं हल्ली बऱ्याचदा विचारलं जातं. आईचं नाव तिथल्या मूळच्या बर्बर लोकांतलं आहे, बोलणं-लिहिणं लॅटिन, भोवतालच्या खेड्यांत प्युनिक ही कार्थेजची जुनी भाषा. कातडीच्या रंगाबद्दल स्वतः त्यांनी किंवा त्यांच्या चरित्रकारानं काही लिहिलेलं नाही. चित्रांतला गोरापान, दाढीवाला बिशप ही युरोपीय चित्रकारांची कल्पना.

बिशप म्हणजे नेमकं काम काय?

आज बिशप म्हटलं की आपल्यासमोर अनेक चर्चचा प्रमुख येतो. चौथ्या-पाचव्या शतकातल्या उत्तर आफ्रिकेत लहानसहान गावालाही बिशप असायचा. ऑगस्टीन बिशप होते ते हिप्पो या बंदराचे. आजचं अन्नाबा.

हे पद त्यांनी मागितलं नव्हतं. ३९१ मध्ये ते हिप्पोला कुणाला तरी भेटायला आले. तिथले बिशप वलेरियस मूळचे ग्रीक, लॅटिन जेमतेम. मला मदतीला धर्मगुरू हवा, असं त्यांनी प्रवचनात सांगितलं आणि लोकांनी गर्दीतून ऑगस्टीन यांना धरून पुढे ढकललं. ते रडू लागले. काहींना वाटलं, थेट बिशप केलं नाही म्हणून रडताहेत; लोक त्यांची समजूत घालू लागले! वलेरियस यांनी ३९५ च्या सुमारास त्यांना जोडीनं बिशप करून टाकलं. एका शहरात दोन बिशप नसावेत असा नायसियाच्या धर्मसभेचा नियम होता. तो दोघांनाही ठाऊक नव्हता, हे पुढे ऑगस्टीन यांनीच लिहून ठेवलंय.

रोजचं काम प्रार्थनेपेक्षा कज्जे मिटवण्याचं जास्त. कॉन्स्टंटाइन सम्राटाच्या काळापासून दिवाणी भांडणं बिशपासमोर नेता येत. वारसाहक्क, बांधाचा वाद, कर्ज, ठेव, गुलामाची मालकी. सरकारी कोर्टापेक्षा स्वस्त आणि लवकर निकाल, त्यामुळे ख्रिस्ती नसलेलेही यायचे. सकाळपासून दुपारच्या जेवणापर्यंत, कधी दिवसभर उपाशीपोटी हेच चाले. ते याला वैतागत आणि तरी करत.

प्रवचन बिशपानं बसून द्यायचं आणि लोकांनी उभ्यानं ऐकायचं, अशी आफ्रिकेतली रीत. लघुलेखक जागेवर टिपून घेत, म्हणून त्यांची पाचशेहून अधिक प्रवचनं आज वाचता येतात. लोक मधेच टाळ्या वाजवत, ओरडत. ते त्यांना दटावत आणि तेही टिपलं गेलंय.

घरात सगळे धर्मगुरू एकत्र राहत आणि कुणाचीही खासगी मालमत्ता नसे. चमचे चांदीचे, ताटं-वाट्या माती, लाकूड किंवा संगमरवराच्या. जेवणाच्या टेबलावर दोन ओळी कोरलेल्या: पाठीमागे दुसऱ्याची निंदा करणाऱ्यानं या पंगतीला बसू नये. एकदा पाहुणे बिशप तेच करू लागले तेव्हा ऑगस्टीन म्हणाले, एक तर या ओळी खरवडून टाका, नाही तर मी उठतो. हे त्यांचा सहकारी आणि चरित्रकार पोसिडियस यानं लिहिलंय. तो त्या टेबलावर जेवलेला होता.

खासगी मालमत्ता नाही हा नियम एकदा फसला. ४२५ च्या सुमारास यानुआरियस हा धर्मगुरू वारला आणि त्याचं मृत्युपत्र निघालं. म्हणजे पैसा होता. मुलगा-मुलीला डावलून तो त्यानं चर्चला दिला होता. ऑगस्टीन यांनी भर प्रवचनात ते दान नाकारलं. मुलांना बेदखल करून दिलेलं आपण घेत नाही, हे त्यांचं धोरण होतंच. मग त्यांनी चौकशी केली आणि पुढच्या प्रवचनात एकेका धर्मगुरूचं नाव घेऊन कुणाकडे काय आहे, कुठलं शेत कुणाला देऊन टाकलं, हे सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. आजच्या कुठल्याही धर्माच्या संस्थानानं गिरवावा असा हा धडा.

नासपतींच्या चोरीचं एवढं काय?

बिशप झाल्यावर थोड्याच वर्षांत, ३९७ च्या सुमारास त्यांनी ‘कन्फेशन्स’ लिहायला घेतलं. तेरा भागांचं हे पुस्तक आत्मचरित्र म्हणून विकलं जातं, पण आहे ती देवाला उद्देशून केलेली लांबलचक प्रार्थना. पहिले नऊ भाग आयुष्याचे. दहावा स्मृतीवर, अकरावा काळ म्हणजे काय यावर, उरलेले बायबलच्या उत्पत्तीकथेवर.

त्यात एक प्रसंग आहे. सोळा वर्षांचे असताना मित्रांसोबत रात्री शेजारच्या मळ्यातल्या नासपती त्यांनी चोरल्या. भूक नव्हती. घरी याहून चांगली फळं होती. चोरलेली बहुतेक डुकरांना टाकली. यावर त्यांनी पानंच्या पानं खर्च केली आहेत आणि वाचणाऱ्याला वाटतं, पोरवयातल्या खोडीचा एवढा काथ्याकूट कशाला?

फायद्यासाठी केलेलं वाईट काम समजावून सांगता येतं. इथे फायदा शून्य होता. वाईट आहे हे माहीत होतं आणि म्हणूनच मजा आली; एकटा असतो तर केलं नसतं, हेही ते कबूल करतात. सॉक्रेटिसापासूनचे तत्त्वज्ञ सांगत आले की माणूस अज्ञानामुळे चुकतो, ज्ञान द्या म्हणजे सुधारेल. ऑगस्टीन यांचं निदान वेगळं: बिघाड समजेत कमी आणि इच्छेत जास्त आहे. इच्छाच दुभंगलेली. मन शरीराला हुकूम देतं आणि हात लगेच हलतो. मन मनालाच हुकूम देतं आणि ते ऐकत नाही. पुढचे सगळे वाद याच मुद्द्यावरून वाढले.

धर्मगुरू वाईट निघाला तर संस्कार फुकट गेला का?

३०३ मध्ये डायोक्लेशियन सम्राटानं ख्रिस्ती लोकांचा छळ सुरू केला. बिशपांनी धर्मग्रंथ सैनिकांच्या हवाली करावेत, असा हुकूम होता. काहींनी जीव दिला, काहींनी ग्रंथ दिले. छळ संपल्यावर प्रश्न उभा राहिला की ग्रंथ देणाऱ्याच्या हातून दीक्षा घेतलेला बिशप खरा बिशप का? कार्थेजचे नवे बिशप सेसिलियन यांच्यावर हाच आक्षेप आला आणि आफ्रिकेतलं चर्च फुटलं. विरोधी गटाचा नेता डोनाटस, म्हणून ते डोनाटिस्ट. त्यांचं म्हणणं, चर्च हा शुद्ध लोकांचा समाज आहे. डागाळलेल्यानं दिलेला संस्कार म्हणजे नुसतं पाणी. ऑगस्टीन बिशप झाले तेव्हा या फुटीला ऐंशीहून अधिक वर्षं झाली होती आणि हिप्पोत डोनाटिस्टच जास्त होते.

संस्कार म्हणजे स्नानसंस्कार, मिस्सा, गुरुदीक्षा यांसारखा विधी, ज्यातून देवाची कृपा मिळते अशी श्रद्धा आहे. ऑगस्टीन यांचा मुद्दा असा की तो देणारा ख्रिस्त. धर्मगुरू मधला माणूस. विवाह नोंदणी अधिकारी वर्षभरानं लाच घेताना पकडला गेला म्हणून त्यानं नोंदवलेली लग्नं रद्द होत नाहीत, कारण अधिकार त्याच्या खिशातला नव्हता. ऑगस्टीन स्वतः दगडी पन्हळीचा दाखला देतात: पन्हळीत काही उगवत नाही, पण तिच्यातून गेलेलं पाणी बागेला पोचतं.

मग धर्मगुरूनं कसंही वागावं का? तसं नाही. त्याच्या वागण्याचा हिशेब त्याला द्यावाच लागेल, फक्त त्याची शिक्षा बाप्तिस्मा घेतलेल्या माणसाला नाही. शिवाय चर्च शेवटपर्यंत भेसळीचंच राहणार. गहू आणि निंदण कापणीपर्यंत एकाच शेतात, हा येशूचा दाखला ते पुन्हा पुन्हा देतात. ‘आम्ही तेवढे शुद्ध’ म्हणणाऱ्यांवर त्यांचा भरवसा नव्हता. कारण पुन्हा तेच, स्वतःच्या बळावर कुणीच शुद्ध नसतो.

४११ च्या जूनमध्ये कार्थेजला दोन्ही बाजूंचे प्रत्येकी दोनशे ऐंशीच्या आसपास बिशप समोरासमोर आले. अध्यक्ष सम्राटाचे अधिकारी मार्सेलिनस. डोनाटिस्टांनी पापी लोकांसोबत बसायला नकार दिला आणि उभे राहिले. प्रत्येक वाक्य लघुलेखकांनी टिपलं. निकाल ऑगस्टीन यांच्या बाजूनं लागला, आणि अध्यक्षच सम्राटाचा म्हटल्यावर तो तसा लागणार हे दोन्ही बाजूंना ठाऊक असावं.

मग बळजबरी त्यांना कशी चालली?

ऑगस्टीन यांच्यावरचा सर्वांत रास्त आक्षेप हाच आहे.

सुरुवातीला ते म्हणत, कुणालाही जबरदस्तीनं आणू नका, नाही तर उघड विरोधकांच्या जागी ढोंगी कॅथलिक, म्हणजे आपल्या बाजूचे, मिळतील. पण डोनाटिस्टांच्या बाजूनं सोटे घेऊन फिरणाऱ्या टोळ्या कॅथलिक धर्मगुरूंना झोडपत होत्या, आणि ४०५ मध्ये सम्राटानं डोनाटिस्टांविरुद्ध कायदा काढला. दंड, मालमत्ता जप्ती, बिशपांची हद्दपारी. लोक भराभर कॅथलिक झाले. ४०८ च्या सुमारास लिहिलेल्या पत्रात ऑगस्टीन सांगतात की माझं मत बदललं ते उदाहरणं पाहून. माझंच गाव आधी डोनाटिस्टांकडे होतं, कायद्याच्या धाकानं वळलं आणि आता मनापासून कॅथलिक आहे. लूकच्या शुभवर्तमानातल्या मेजवानीच्या दाखल्यात यजमान नोकराला म्हणतो, लोकांना आत यायला भाग पाड. ते वाक्य त्यांनी आधाराला घेतलं.

देहदंडाला मात्र ते शेवटपर्यंत विरोध करत राहिले. धर्मगुरूंचा खून आणि अवयवच्छेद कबूल केलेल्या डोनाटिस्टांनाही मारू नका, असं त्यांनी मार्सेलिनस यांना लिहिलं. पण दार एकदा उघडलं की कोण कोण आत शिरेल ते उघडणाऱ्याच्या हातात राहत नाही. पुढच्या शतकांत पाखंड्यांचा छळ करणाऱ्यांनी हेच उतारे वापरले. काळच तसा होता, असं म्हणून त्यांना सोडता येत नाही, कारण आधीची उलटी भूमिकाही त्यांचीच होती. कळतं पण वळत नाही हे त्यांनी ओळखलं, आणि वळवण्यासाठी दंडुका चालेल असं ठरवलं.

तान्ह्या बाळाचं पाप कसलं?

ब्रिटनहून रोमला आलेले पेलागियस हे साधनेचा आग्रह धरणारे गुरू. ‘कन्फेशन्स’मध्ये ऑगस्टीन देवाला म्हणतात, तू जी आज्ञा करतोस ती पाळायचं बळ दे आणि मग हवी ती आज्ञा कर. हे ऐकून पेलागियस भडकले. देवानं आज्ञा दिली म्हणजे ती पाळणं माणसाला जमण्यासारखंच असणार. असली वाक्यं म्हणजे आळशांना सबब!

ऑगस्टीन यांचं उत्तर आदिपापाचं. आदामाच्या चुकीनं सगळी मानवजात जन्मापासूनच बिघडलेल्या इच्छेसह येते. ‘कृपा’ म्हणजे आपल्या लायकीवर न मिळणारी, देवानं आपणहून केलेली मदत. तिच्याशिवाय चांगली सुरुवातसुद्धा करता येत नाही. पुरावा म्हणून ते एक तान्हं बाळ दाखवतात. बोलताही येत नाही, पण दुधाचा वाटेकरी दुसऱ्या बाळाच्या रूपानं दिसला की चेहरा पांढराफटक पडतो आणि ते रोखून बघतं. अशक्त आहेत ते अवयव, मन निरागस नाही, असा त्यांचा निष्कर्ष.

४१८ मध्ये कार्थेजच्या धर्मसभेनं पेलागियस यांची मतं फेटाळली. पण एक्लानमचे बिशप ज्युलियन यांनी ऑगस्टीन यांची पाठ सोडली नाही: न्यायी देव तान्ह्या बाळाला दोषी धरेल का? ऑगस्टीन यांना तर्क सोडवेना. स्नानसंस्काराविना गेलेल्या बाळाला शिक्षा होते, पण सर्वांत सौम्य, इथपर्यंत ते पोचले.

हे सगळं चर्च आजही मानतं का? सगळं नाही. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चनं आदामाचा दोष वारशानं येतो हे मत स्वीकारलं नाही. ५२९ च्या ऑरेंजच्या धर्मसभेनं कृपेची शिकवण उचलली, पण देव कुणाला दुष्कर्मासाठी नेमतो ही कल्पना धिक्कारली. २००७ मध्ये व्हॅटिकनच्या ईशज्ञान आयोगानं अशा बाळांच्या तारणाची आशा धरायला आधार आहे, असं म्हटलं. उलट बाजूनं प्रोटेस्टंट पंथांचे प्रवर्तक मार्टिन ल्यूथर, जे स्वतः ऑगस्टिनियन मठातले, आणि कॅल्विन यांनी कृपेचा मुद्दा ऑगस्टीन यांच्याहीपेक्षा ताणून धरला. प्रोटेस्टंट आणि कॅथलिक, दोघंही भांडताना त्यांचेच दाखले देत.

‘आधी घरचे, मग दारचे’ असं ते म्हणाले होते का?

२४ ऑगस्ट ४१० ला गॉथ टोळ्यांनी रोम लुटलं. जुने देव सोडले म्हणून हे घडलं, असं लोक म्हणू लागले. उत्तरादाखल ऑगस्टीन यांनी ‘देवाचं नगर’ लिहिलं. ४१३ ते ४२६, तेरा वर्षं, २२ भाग. माणसं कशावर प्रेम करतात त्यावरून दोन नगरं होतात, एक स्वतःवर प्रेम करणाऱ्यांचं, दुसरं देवावर. ही दोन्ही नगरं रस्त्यावर, बाजारात, चर्चमध्येही मिसळलेली आहेत. न्याय काढून घेतला तर राज्य म्हणजे दरोडेखोरांची मोठी टोळी, हे वचन याच ग्रंथातलं.

‘ऑर्दो आमोरिस’, म्हणजे प्रेमाचा क्रम, हे शब्द याच ग्रंथाच्या पंधराव्या भागात येतात. तिथे विषय आहे तो चांगल्या गोष्टींवरही चुकीच्या क्रमानं प्रेम होऊ शकतं हा, म्हणजे सोन्यावर न्यायापेक्षा जास्त. कुटुंब, शेजारी, देशबांधव, मग जग अशी व्हान्स यांनी मांडलेली उतरंड तिथे नाही. जवळपासचं विधान दुसऱ्या ग्रंथात सापडतं: सगळ्यांवर सारखंच प्रेम करावं, पण सगळ्यांना मदत करणं शक्य नसल्यानं स्थळ-काळाच्या योगानं जे जवळ आले त्यांच्याकडे आधी बघावं, जणू चिठ्ठी टाकून ते वाट्याला आले. तेव्हा व्हान्स यांना थोडा आधार आहे. पण दारात आलेला परकाही त्याच योगानं जवळ येतो. पोप फ्रान्सिस यांनी १० फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकेच्या बिशपांना पत्र लिहून चांगल्या समरीतनाच्या, म्हणजे वाटेत पडलेल्या जखमी परक्याला मदत करणाऱ्याच्या, दाखल्याकडे बोट दाखवलं ते याच अर्थानं.

हिप्पोचाही एक दाखला आहे. विसाव्या शतकात सापडलेल्या एका पत्रात ऑगस्टीन लिहितात की गुलामांचे व्यापारी खेड्यांतून माणसं पळवून हिप्पोच्या बंदरातून जहाजानं नेत होते, आणि चर्चच्या लोकांनी सुमारे १२० जणांना सोडवलं. नात्यातले किती, परके किती, याची चर्चा पत्रात नाही. गुलामगिरीच बंद करा, असंही मात्र ते कधी म्हणाले नाहीत.

ऑगस्टीन यांच्यासोबत राहिलेल्या बाईंचं नाव काय?

माहीत नाही, कारण ऑगस्टीन यांनी ते लिहिलं नाही. कार्थेजमधल्या विद्यार्थिदशेपासून सुमारे पंधरा वर्षं त्या ऑगस्टीन यांच्यासोबत राहिल्या. अदेओदातुस हा मुलगा झाला. मिलानमध्ये श्रीमंत घरची सोयरीक ठरली, नवरी कायद्याच्या वयाला दोन वर्षं कमी. तेव्हा या बाईंना आफ्रिकेत परत पाठवलं. मुलगा वडिलांकडे राहिला आणि किशोरवयातच वारला. बाईंच्या ताटातुटीनं काळीज फाटून रक्ताळलं, असं ऑगस्टीन लिहितात. त्या बाईंनी पुन्हा पुरुष न करण्याचं व्रत घेतलं. ऑगस्टीन यांनी लग्नाची वाट पाहता पाहता दुसरी बाई ठेवली. तेही त्यांनीच लिहिलंय. लैंगिक वासनेकडे ते पुढे ज्या संशयानं बघत राहिले त्यात या अनुभवाचा वाटा असणार, आणि त्याचा भार ख्रिस्ती जोडप्यांनी शतकानुशतकं वाहिला.

गोव्याशी संबंध

व्हँडल टोळ्यांचा हिप्पोला वेढा पडला असताना २८ ऑगस्ट ४३० रोजी ऑगस्टीन वारले. त्यांच्या नियमावलीवर चालणारे मठवासी पुढे अनेक झाले आणि तेराव्या शतकात त्यांचा एक संघ बनला. पोप लिओ त्याच संघाचे. २००१ ते २०१३ ते त्याचे जागतिक प्रमुख होते.

हा संघ गोव्यात १५७२ मध्ये आला. जुन्या गोव्यात मोन्ते सांतो टेकडीवर ४६ मीटर उंचीचा जांभ्या दगडाचा जो अर्धवट मनोरा उभा आहे, तो त्यांच्या १६०२ मध्ये पुऱ्या झालेल्या चर्चचा. १८३० च्या दशकात पोर्तुगीज सरकारनं मठ बंद केले, देखभाल थांबली, १८४२ मध्ये छत कोसळलं. त्याची घंटा आज पणजीच्या चर्चमध्ये वाजते. समोरचा सांता मोनिका मठ ऑगस्टीन यांच्या आईच्या नावाचा. याच अवशेषांत जॉर्जियाची राणी केतेवान हिच्या अस्थी सापडल्या. १६२४ मध्ये शिराझला तिला ठार मारल्यावर ऑगस्टिनियन धर्मगुरूंनी त्या इथे आणल्या होत्या. हैदराबादला डीएनए तपासणी झाली आणि २०२१ मध्ये भारतानं जॉर्जियाला अस्थी सुपूर्द केल्या.

वाचायचं तर कुठून?

‘कन्फेशन्स’चे पहिले नऊ भाग सलग वाचा. दहावा जड गेला तर सोडून अकराव्यातलं काळाविषयीचं विवेचन घ्या. ‘देवाचं नगर’ पहिल्या पानापासून सुरू केलं तर रोमन देवदेवतांच्या यादीत दहा भाग अडकायला होतं, म्हणून पहिला, चौदावा आणि एकोणिसावा आधी. पोसिडियस यानं लिहिलेलं चरित्र तासा-दोन तासांत वाचून होतं. कृपेवरचे वादग्रंथ सर्वांत शेवटी, आणि तेव्हा ज्युलियन यांचे आक्षेपही सोबत वाचावेत. बरेचसे ऑगस्टीन यांनीच खोडून काढण्यासाठी शब्दशः उतरवून ठेवले आहेत.